मधला मणी

धावड्याच्या गोपिकाबाईला जालन्याच्या सराफ्यात कुणी कारागीर म्हणत नसे. "ती ओवणारी" एवढीच तिची ओळख. बावीस वर्षं ती बद्रीनाथशेटच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून माळा ओवत होती. रेशमाच्या धाग्यात मणी घ्यायचे, दोन मण्यांमध्ये गाठ मारायची, टोकाला कडी लावायची. गिऱ्हाईक पुढं कपाटाशी उभं राहून शेटचं कौतुक करी आणि शेट मान लववून ते असं घेई, जणू सगळ्या गाठी त्यानंच मारल्यात. गोपिकाबाईला राग येई. राग आला की तिची गाठ आणखी घट्ट बसे, म्हणजे त्यातही फायदा शेटचाच.

तिचा बाप धुळाजी मेंढरं पाळायचा आणि विकत घ्यायचाही. लहानपणी ती त्याच्यासोबत बाजाराला जायची. विकणारा आपली धष्टपुष्ट मेंढरं कळपाच्या कडेला उभी करी. धुळाजी त्यांच्याकडं ढुंकूनही बघत नसे. तो सरळ कळपात शिरायचा, मधलंच एखादं मेंढरू धरून दोन्ही हातांनी लोकर फाकवायचा, खालचं कातडं बघायचा आणि पाठीच्या कण्यावर अंगठा दाबायचा. "कडंची त्यानं आपल्याला दावायला ठिवलीत," म्हणायचा, "आपुन त्यानं न दावलेलं बघायचं." गोपिकाबाईची मेंढरं सुटली, ही खोड काही सुटली नाही. मोती असो की पोवळं, तिचा हात आधी माळेच्या मध्यावर जायचा.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर चिन्मयी नावाच्या एका पोरीच्या लग्नाची खरेदी दुकानात निघाली. तिची आई प्रेमलाताई सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली, प्रत्येक पावती जपून ठेवणारी बाई. पोरीला सोन्याबिन्याचं वेड नव्हतं. तिला हवी होती लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाची माळ. ती त्याला लॅपिस म्हणे. एकदा ती आपण होऊन मागच्या खोलीत आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, दगड खरा असेल ना?"

बावीस वर्षांत त्या खोलीत एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं. गोपिकाबाईनं सुई खाली ठेवली. "मी ओवणार म्हंजे खराच आसंल," ती म्हणाली. बोलून गेली खरी. आता तो शब्द तिच्या अंगावर होता.

आठ दिवसांनी बाहेरगावचा व्यापारी राजानंद माल घेऊन आला. पांढऱ्या कपड्यावर त्यानं एक माळ पसरली. प्रेमलाताई आणि चिन्मयी समोर बसल्या होत्या. गळ्याच्या मापाला किती मणी लागतील ते सांगायला शेटनं गोपिकाबाईला पुढं बोलावलं. निळा रंग असा गडद की बघत राहावं, त्यात सोनेरी ठिपके. राजानंदनं कापसाच्या बोळ्यावर नेलपेंट काढायचं रिमूव्हर घेतलं आणि टोकाच्या गाठीजवळचा मणी घासला. बोळा पांढराच राहिला. "रंगवलेला असता तर निळा झाला असता. अस्सल आहे, ताई."

गोपिकाबाईनं तो मणी बोटात धरला. खराच होता. निळा कुठं दाट, कुठं फिका, मध्ये पांढरी शीर. पण मधले मणी सगळे एकाच रंगाचे. एका आईची चार लेकरंसुद्धा इतकी सारखी नसतात.

"मधला घासा," ती म्हणाली.

"पॉलिश जाईल."

"मंग कडंच्याची का गेली न्हाई?"

चिन्मयी फसकन हसली. राजानंद हसला नाही. त्यानं बाटलीचं झाकण लावलं. "मधल्या मण्याला हात लावायचा तर माळ तोडा. पण तोडली की घेतली, असा आमचा रिवाज आहे."

"गोपिकाबाई, आत जा," शेट म्हणाला. आवाज मऊ होता, डोळे नव्हते.

ती घाबरली. वय अठ्ठावन्न, घर भाड्याचं, आणि गिऱ्हाइकादेखत शेटच्या मालाला नाव ठेवणारीला सगळ्या सराफ्यात कुणी दारात उभं केलं नसतं. आत जायला चार पावलं होती. ती गेली नाही. कमरेची कात्री काढली.

"खरी निघाली तर माझ्या मजुरीतून कापा, शेट. मरंस्तोर कापा."

तिनं माळ मधोमध तोडली. मध्ये गाठी नव्हत्याच, मणी कपड्यावर सांडले. एक उचलून तिनं त्याचं भोक उजेडाकडं धरलं आणि तो मणी चिन्मयीच्या हातात दिला. आत दगड पांढराफटक होता. मग राजानंदच्या हातातली बाटली घेतली, बोळा भिजवला आणि दुसरा मणी घासला. बोळा निळा झाला. ठिपकेही निघून आले.

प्रेमलाताई उठल्या. पोरीला घेऊन पायऱ्या उतरल्या. राजानंदनं निवांतपणे मणी गोळा केले, आणि शेट त्याला काहीच बोलला नाही. ते बघून गोपिकाबाईला सगळं कळलं. आजवर लाजवर्दाच्या माळा तिच्याकडं ओवूनच यायच्या. तिनं फक्त कडी लावायची; मधले मणी बघायला शेट वेळच देत नसे.

"तुमाला ठाव व्हतं."

"गिऱ्हाइकाला रंग पाहिजे असतो. उद्यापासून येऊ नकोस. आणि माळ खोटी निघाली तरी ओवणारीचं नाव कोण विचारतं गं?"

"मी इचारते," गोपिकाबाई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, पण रस्त्यापर्यंत ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी ती आलीच. दुकानात नाही, बरोबर समोर, रसवंतीच्या कडेला पोतं टाकून बसली. पुढ्यात सुई, रेशीम, कापूस आणि रिमूव्हरची बाटली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "निळी माळ घेतली आसंल तर आणा. फुकट बघून देते." शेटनं माणूस पाठवून उठायला सांगितलं. ती म्हणाली, "रस्ता तुमच्या मालकाच्या बापाचा हाय का?" आठवडाभर लोक नुसती गंमत बघत गेले. नंतर एक मास्तरीण आली, मग दोघीतिघी. कुणाची खरी निघाली, कुणाची खोटी. ज्यांची खोटी निघाली त्या तडक समोरच्या पायऱ्या चढल्या.

पंधराव्या दिवशी भर दुपारी एक बाई रस्ता ओलांडून आली आणि पोत्यावर मांडी घालून बसली. ती शेटची बायको बेबीनंदा. भांडायला आली असं समजून गोपिकाबाई पदर खोचून तयार झाली. बेबीनंदानं गळ्यातली निळी माळ काढून तिच्या पुढ्यात ठेवली.

"लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा यांनी दिली. बघा बरं."

गोपिकाबाईनं मधला मणी घासला. बोळा निळा झाला; सांगायची गरज पडली नाही. बेबीनंदानं माळ उचलून परत गळ्यात घातली, बोळा मुठीत घेतला आणि ती उठली.

"टाकून द्या वो, वहिनी," गोपिकाबाई म्हणाली, "कशाला घालता आता?"

"घालणार. रोज घालणार, आणि गल्ल्याशेजारी बसणार. कुणी विचारलं तर हा बोळा दाखवीन."

आणि ती समोरच्या पायऱ्या चढू लागली.