मोहाखालची जागा

चित्रकलेच्या बाई कुणाचाही पुतळा करत. नव्या राज्याच्या राजधानीत, तेलीबांधा तलावाच्या बाजूला बाग तयार होत होती आणि राज्यातल्या कारागिरांनी घडवलेली अकरा दगडी शिल्पं तिथे मांडायची होती. दगड पुन्हा पुन्हा हलवता येत नाही, म्हणून बाई आधी माणसं उभी करून बघत. माळी, ठेकेदार, मी, जो हाताशी लागेल तो. "हलू नको, तू आता दगड हायेस," असं बजावून त्या दूर जात आणि डोळे बारीक करून बघत राहत.

मी तिथला नवा कनिष्ठ अभियंता. बाई शाळेतून निवृत्त होऊन सल्लागार म्हणून आलेल्या. बूढ़ापारा या जुन्या वस्तीतून स्कूटरवर दिवसातून तीनदा येत, कारण सकाळचं, दुपारचं आणि संध्याकाळचं ऊन त्यांना वेगवेगळं बघायचं असे. एखादं शिल्प मनासारखं बसलं की भर रस्त्यात माझा दंड धरून हलवत. घरी परतताना मीही स्कूटरवर उगाच गाणी म्हणू लागलो होतो.

त्या अकरांत एक होती मोहाची फुलं वेचणारी म्हातारी. काळ्या दगडातली, गुडघे टेकून वाकलेली, शेजारी टोपली. नकाशात तिच्यासाठी फाटकाजवळ चार फुटी चौथरा होता. बाई हट्टाला पेटल्या. "फूल जमिनीवर पडते ना रे? मग चौथऱ्यावर बसून ती काय वेचून राहिली?"

बागेच्या कोपऱ्यात मोहाचं एक जुनं झाड होतं, पण तिथे पार्किंग होणार होतं आणि झाड तोडायचा हुकूम निघाला होता. बाईंनी आमच्या खात्याच्या साहेबांना दोनदा विनंती केली, साहेबांनी दोनदा नाही म्हटलं. तोडणारे सोमवारी येणार होते. शनिवारी क्रेन फाटकाशी आली तेव्हा बाईंनी मला विचारलं, "जागा बदलल्याच्या कागदावर सही तुलेच करा लागते. भेव वाटते काय?" वाटत होतं. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. तरी मी सही केली आणि म्हातारी झाडाखाली, थेट मातीवर बसली.

सोमवारी सकाळीच साहेब आले, संतापलेले. त्यांच्यामागून मी आणि बाई. चैत्र होता. झाडाखाली फुलांचा सडा पडलेला आणि शेजारच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, तीन बाया वेचत होत्या. दगडाच्या म्हातारीला वळसा घालत, जणू ती रोजचीच. एकीने तर मूठभर फुलं सहज तिच्या दगडी टोपलीत टाकली. साहेब माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पार्किंग थोड़ा मोड़ दो।"

बाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत, मला कळलं नाही.

पुढे त्या मुलाकडे नागपूरला गेल्या आणि तिथेच वारल्या. बागेत त्यांच्या नावाची पाटी नाही. पण नवा अधिकारी आला की नकाशावर बोट ठेवून विचारतो, पार्किंगची भिंत इथे वाकडी काहून? मी म्हणतो, चैत्रात एकदा सकाळी सात वाजता या. जे येतात, ते पुन्हा विचारत नाहीत.