कोणता परवा?

घरतसरांची आणि माझी पहिली भेट पेणला, त्यांच्या दोन खोल्यांच्या कॉम्प्युटर ऑफिसात झाली. “वाट बघता येते का?” त्यांनी विचारलं. वाक्य पुरं व्हायच्या आत मी ‘हो’ म्हणून मोकळी! सर हसले आणि त्यांनी मला कामावर घेतलं. ती नव्वदीची वर्षं. आज सर पंचाहत्तरीत आहेत आणि माझा उतावळेपणा आहे तिथंच आहे.

रोह्याच्या एका रंगकारखान्याला आम्ही वजनकाट्याचा प्रोग्राम करून दिला होता. प्रत्येक बदलानंतरची प्रत वेगळी राखायची, तिला नाव द्यायचं, ही सरांची शिस्त. एकदा तिथं वजनं चुकू लागली. ठपका आला काट्यावर काम करणाऱ्या कासू गावच्या म्हात्रेदादांवर. नोकरी जायची वेळ आली. दादा पेणला येऊन म्हणाले, “मी मापात पाप नाय केलं, साहेब.” सरांनी मॅनेजरांकडून शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

बिघाड फक्त रोह्याच्या काट्यावरच दिसायचा. म्हणजे एक प्रत तपासायची तर फ्लॉपी घेऊन एस.टी.ची एक खेप. मी शेवटच्या प्रतीपासून एकेक मागे जायला निघाले, तर सरांनी अडवलं. एक जुनी चांगली प्रत धरा, एक आजची बिघडलेली, आणि मधली तपासा. ती चांगली निघाली तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, नाहीतर मागच्या. चांगली म्हणून मी ‘परवाची’ नावाची प्रत धरली. पण मधली काढावी ती बिघडलेलीच! खेपांवर खेपा, शनिवार जवळ येतोय, माझा जीव नुसता वरखाली. शेवटी ‘परवाची’च्या लगतची प्रत उरली. तिच्यात बदल काय, तर फक्त पडद्यावरचं शीर्षक, त्यानं वजन कसं चुकणार!

“परवाची तपासलीत?” सरांनी विचारलं. नव्हती तपासली. ते नाव त्यांनीच दिलं होतं: परवा रोह्याला न्यायची म्हणून. मी वाचलं होतं, परवापर्यंत तिथं बिनचूक चालत आलेली. तिच्यात सरांनी स्वतः केलेला बदल होता आणि रिकाम्या पिंपाचं वजन दोनदा वजा होत होतं.

‘मशीनचा दोष’ म्हणून मिटवू या, असं मी सुचवलं. सर थेट मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले आणि दादांच्या देखत म्हणाले, “चूक माझी आहे. यांचा हात साफ आहे.” दादांची नोकरी राहिली. आमचं तिथलं काम गेलं, आणि सरांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मी मात्र महिनाभर चडफडत होते.

त्या दिवशी निघताना गेटवर दादांनी सरांना कासूला जेवायला बोलावलं. “परवा येतो,” सर म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, “कोणता?” दादांना कितीतरी दिवसांनी हसताना पाहिलं.

सर, तब्येत ठणठणीत ठेवा. मागचे परवा पुष्कळ झाले. पुढचे तुम्हांला उदंड मिळोत. दादांचा निरोप आहे, परवा जेवायला या. मी विचारून घेतलंय, पुढचाच.