महिनाभर उशिरा नेलेल्या शेवया

ईद होऊन महिना लोटल्यावर मी ईदच्या शेवया विकायला बाजारात नेल्या. डोक्यावर पाटी, पाटीवर धुतलेल्या धोतराचं फडकं, आणि चालण्यात असा तोरा, की जणू सोनपेठच्या बाजारातली निम्मी दुकानं माझ्या सासऱ्यानंच घालून दिलीत. तेव्हाची ती पोरगी आज मला वाटेत भेटली, तर आधी पोटभर हसेन आणि मग तिची पाटी उतरवून घेईन.

निजामाचं राज्य होतं. मी एकोणीस-वीस वर्षांची. मालक नांदेडला गिरणीत कामाला. दोन-तीन महिन्यांनी यायचे, दोन दिवस झोपायचे आणि जायचे. सासू-सासरे वारलेले. शेतातल्या आखाड्यावरच्या घरात मी, एक गाय आणि एक म्हातारा बैल. गाव दीड कोस लांब. बैलाशी मी इतकी बोलायचे, की मला बघून तो तोंड फिरवायला लागला होता.

सोनपेठात एक खोली घ्यावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माणसांच्या आळीत, शेजारणीची भांडी वाजलेली ऐकू येतील अशी. मालकांना म्हटलं, तर ते म्हणाले, "खोलीचं भाडं काय बैल देणार हाय? तू कमव, मग घेऊ." त्यांना वाटलं, विषय मिटला. मला वाटलं, धंदा सुरू झाला.

धंदा मी आदल्या साली हेरून ठेवला होता. आमच्यात शेवया कुणी विकत घेत नाही. शेजारणी जमतात आणि एकमेकींच्या घरी वळतात. पण ईदच्या आदल्या दिवशी बाजारात एका बाईची शेवयांची पाटी माझ्या डोळ्यांदेखत रिकामी झाली होती. मुसलमान घरच्या बाया उभ्या उभ्या घेऊन गेल्या. ती ईद दिवाळीनंतर बरोबर महिन्यानं आली होती. दसऱ्यानंतर विसाव्या दिवशी दिवाळी, तशी दिवाळीनंतर महिन्यानं ईद, असं मी मनात पक्कं करून टाकलं. विचारायचं कुणाला?

शेवया वळणं हे एकटीचं काम नाही. एकीनं पाटावर वळायचं, दुसरीनं खाली तार झेलून काठीवर टाकायची. मी वळायचे, थांबायचे, वाकून झेलायचे, पुन्हा वर. दोघींच्या गप्पाही मीच मारून बघितल्या, पण पुढचं उत्तर आधीच माहीत असायचं. मग गप्प राहून बारीक वळायला लागले. आणखी बारीक. वेळ ढीगभर होता.

दिवाळी आली. भाऊ येईल म्हणून अंगण सारवलं. तो आला नाही, निरोपही नाही. भाऊ नसलेल्या बाया भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. मला भाऊ होता, तरी संध्याकाळी ताट घेऊन बाहेर आले आणि मावळतीच्या नखाएवढ्या कोरीला ओवाळलं. तीच कोर त्या घटकेला सोनपेठात माणसं माळवदावर चढून ईदसाठी शोधत होती. मी तिला ओवाळून, अक्षता टाकून परत पाटावर जाऊन बसले.

त्या साली अधिक महिना आला होता. आपले सण त्यानं महिनाभर पुढं सरकले. ईदचा चांद अधिक महिना पाळत नाही, तो आपल्या हिशेबानं येऊन गेला. आणि अधिक महिना मला ठाऊक नव्हता म्हणावं, तर वाणाचे तेहतीस अनारसे मी स्वतः तळले होते. द्यायला जावई नव्हता. मीच खाल्ले.

बाजारात एका बांगड्या भरणाऱ्या मणेरणीशेजारी पाटी मांडली. दुपार कलली तरी शेवयांना कुणी विचारेना. शेवटी मीच तिला म्हटलं, "मावशी, ईद उद्याच ना? मग बाया कुठं हायत?"

तिच्या हातात एका गिऱ्हाइकाचं मनगट होतं. ती थांबली. "कोनती ईद गे?"

"शेवयाची."

"ती होऊन महिना झाला. तुमच्या दिवाळीतच झाली की. मोहल्ल्यात फटाके तुमचे उडायले, अत्तर आमचं. तुला कुनी सांगितलं न्हाई?"

"सांगायला कोन हाय? बैल?"

गिऱ्हाईक इतकी हसली, की अर्धी चढलेली बांगडी पिचली. मीही हसले. हसू काही नीट जमलं नाही, म्हणून पाटीवरचं फडकं तोंडाशी धरलं.

मणेरणीनं हात पुसले. पाटीतून एक तार उचलली आणि उन्हासमोर धरून बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "हात लय चांगला हाय तुझा. पन गप्पा मारत वळल्या तर इतक्या बारीक होतच न्हाईत. दर बाजारला येत जा अन् माझ्या बाजूला बस. पाटी रिकामी असली तरी चालंल."