चर्चच्या कमानीखाली उभं राहायचा मान

मंडळी, आज सकाळी नव्वदीतल्या या म्हाताऱ्यानं एका माणसाला काठीनं झोडपलं.

मध्य प्रदेशातल्या धारच्या जुन्या, इंग्रजांच्या काळातल्या चर्चची टोकदार कमान आम्ही नव्यानं बांधली. आज तिच्याखालचा लाकडी आधार काढायचा होता. आम्हा गवंड्यांची रीत अशी, की ज्यानं कमान बांधली, त्यानंच तेव्हा खाली उभं राहायचं. माझा शागीर्द कैलास छाती काढून उभा होता.

माझे डोळे अधू झालेत, पण कान शाबूत आहेत. दगडावर काठी ठोकली, तर आवाज बद्द आला. चुना आत ओलाच होता! तोवर मजुरांनी आधारावर घण घातला होता.

"कैलास, बाहर आ!"

"उस्ताद, अब हटा तो लोग हँसेंगे!"

मी पाठीत दोन सणसणीत काठ्या हाणल्या. शिव्या देत तो बाहेर उडाला आणि कमानीचा मधला दगड तो उभा होता तिथंच येऊन फुटला.

इंग्रज साहेब गेल्यावर, १९५०च्या सुमारास, ही कमान अशीच दुरुस्त केली, तेव्हा तिच्याखाली माझा थोरला भाऊ असाच उभा होता. त्याचं फुटलेलं डोकं मी मांडीवर घेतलं होतं. तरी कैलासला ही रीत मीच शिकवली, तीही मोठ्या अभिमानानं.

आता त्याच्या पाठीला हळद लावायला निघालोय. माफी काठीची मागू, की शिकवणीची?