विहीर भरेपर्यंत

उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी लगेच तळाला जातं. मग मोटर बंद करायची आणि झऱ्यांनी विहीर भरेपर्यंत काठावर नुसतं बसायचं. शाळा मला फारशी घडली नाही, पण हे बसणं मला उत्तम येतं.

परवा सून कांद्याला पाणी द्यायला आली.

"आबा, असं रिकामं बसून कंटाळा येत नाही?"

"येतो की. येऊ द्यावा. तूही बस."

"घरी कामं पडलीत."

"ती कुठं पळून जात नाहीत. बस म्हणतो ना!"

माझ्या हट्टापुढं बसली बिचारी. आधी पदराशी चाळा केला, मग गवत उपटलं, मग हात मांडीवर नुसते पडून राहिले. खाली खडकातून पाणी झिरपत होतं. हाताला काम असलं की माणसाला दुःखापासून लपता येतं. तिची आई वारल्यापासून ही पोर कामातच लपली होती.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "आबा, आई भाकरी थापताना गुणगुणायची." आणि हुंदके देऊन रडायला लागली.

तेवढ्यात शेतातून लेक ओरडला, "आबा, कांदा सुकतोय! पाणी सोडा!"

"सुकू दे," मी ओरडलो. "आम्ही बसलोय अजून."