डिलिव्हरी फुकट, पण आई कुठंय?

मंडळी, तासाभरापूर्वीची गोष्ट आहे, अजून जीव थाऱ्यावर नाही.

माझ्या क्रेडिट कार्डावर किराणा-भाजीची डिलिव्हरी फुकट आहे, वर कॅशबॅक. त्यामुळे आई साताऱ्याहून इथे दिल्लीत, द्वारकेला आल्यापासून मी सगळं दारातच मागवते. "तुला खाली उतरायची गरजच नाही," असं तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

आज ऑफिसमधून लवकर आले, तर दाराला कुलूप. आईचा फोन आतच वाजत होता. गार्ड म्हणाला, "आंटी तो रोज़ इस टाइम मार्केट जाती हैं."

रोज?

धावतच गेले. आई भाजीच्या ठेल्यापाशी मोडक्या हिंदीत वांग्यांचा भाव करत होती. भाजीवाल्यानं तिच्या पिशवीत कोथिंबीर-मिरची फुकट टाकली आणि विचारलं, "अम्मा, आज देर कर दी?" इथे आल्यापासून आईला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मी चिडूनच म्हटलं, "अगं, सांगायचंस तरी. आणि ही भाजी जाते कुठे?"

"शेजारच्या आंटींना देते. तू मागवलेली फ्रिजमध्ये असतेच की. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

तेव्हापासून मी फोन हातात घेऊन येरझाऱ्या घालतेय. उद्याची ऑर्डर लावून ठेवलीय, अजून रद्द करता येईल. आईला विचारलं, तर म्हणते, "तुझे पैसे वाचतायत ना, मग राहू दे."

तुमच्याकडे आलेली आई तुम्ही ऑफिसला गेल्यावर काय करते, कधी विचारलंय?