अस्वलाचा ब्रश

दुकानात माझ्या शेजारी उभे असलेले आजोबा लहान मुलांचे ब्रश निरखत होते. अस्वलाचं चित्र असलेला एक निवडून त्यांनी विचारलं, "याचे केस मऊ आहेत ना?"

"नातू केवढा आहे?" दुकानदार म्हणाला.

"बायकोसाठी हवाय. तिचा हात चालत नाही, मीच दात घासून देतो. दुसऱ्याच्या तोंडात मोठा ब्रश नीट फिरत नाही. आणि कडक असला तर तिला लागतो."

मी नेहमीप्रमाणे कडक ब्रश उचलला होता. मऊ ब्रशने दात घासल्यासारखे वाटतच नाहीत, असं मी घरात सगळ्यांना ऐकवत आलोय. हिरड्यांचं मत कधी विचारलं नव्हतं. दात माझे, हातही माझाच. मग रोज सकाळी एवढी घासाघीस मी कुणाशी करत होतो?